अठरा किलोंची तूट

१

“आधी काटा तपासायचा, मग माणूस. उलटं केलंस तर निर्दोष माणूस उभा जळेल आणि काटा मजेत झोपा काढेल.”

तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच सकाळी साहेबांनी हे सांगितलं होतं. साहेब गेले, वजनमापं खात्यातली नोकरीही सरली, पण काटेबाईंच्या कानातला तो आवाज काही निवृत्त झाला नाही. आज संध्याकाळी पाच वाजता शर्यतीच्या मैदानावर तो पुन्हा ऐकू आला, कारण समोर माणूस उभा जळत होता.

सरळ पट्ट्यावरच्या मोटारींची ही हौशी शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि चारशे मीटरमध्ये सगळा निकाल. तिसऱ्या गटाची अंतिम फेरी व्हॅनताईने जिंकली होती. आठवडाभर शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी, तिशी ओलांडलेली बाई. जिंकलेली गाडी नियमाप्रमाणे लगेच काट्यावर चढली, आणि काट्याने चिठ्ठी बाहेर टाकली: एक हजार एकशे अठ्ठ्याऐंशी किलो.

सकाळी तीच गाडी, तीच चालक, बाराशे सहा भरली होती.

गटांची सगळी वाटणी वजनावर चालते. एकाच ताकदीचं इंजिन जड गाडीला ओढायचं तर गाडी सावकाश जाणार, म्हणून ती खालच्या गटात; हलक्या गाडीला ओढायचं तर वेगात जाणार, म्हणून वरच्या. व्हॅनताईच्या इंजिनाला चालकासकट बाराशे किलोंची रेघ होती. रेघेच्या वर तिसरा गट, रेघेच्या खाली दुसरा. सकाळी जड दाखवून सोप्या गटात शिरायचं आणि पळताना हलकं व्हायचं, याच्याइतकी जुनी लबाडी या खेळात दुसरी नाही. शिक्षा दोन वर्षं परवाना बंद. नाव जातं ते कायमचं.

क्लबचे अध्यक्ष विजेच्या सामानाचे दुकानदार. नाकासमोर चालणारा माणूस. ते म्हणाले, बाई, नोकरीत होतात तोवर दरवर्षी आमच्या काट्यावर शिक्का तुम्हीच मारलात, म्हणून तुम्हाला विचारतो. सहा वाजता बक्षीस आहे. तोवर दुसरं काही कारण सापडलं तर सांगा. नाहीतर मी सही करतो.

“गाडी पुन्हा चढवून बघायची नाही?”

“काट्यावरून उतरलेली गाडी पुन्हा चढत नाही, बाई. मधल्या वेळात कुणी काय ठेवलं, कोण सांगणार?”

तेवढ्यात डिकी उघडायला गेलेला पंच धावत आला. डिकीत वजनासाठी बसवलेल्या लोखंडी पट्ट्या जागेवर होत्या. दोन पट्ट्या, नऊ-नऊ किलोंच्या. पण त्यांच्या चारही नटांना पाना लागलाच नव्हता. ते हाताने फिरत होते.

नऊ आणि नऊ, अठरा.

२

व्हॅनताई गाडीला टेकून जमिनीवर बसली होती. जाड सूट कमरेपर्यंत उतरवलेला, हेल्मेट मांडीवर. गाडी सासऱ्यांनी बांधलेली. नवरा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. त्यामुळे चालवायची हिने आणि हत्यारं धरायची धाकट्या दिराने, असं चार वर्षं चाललं होतं.

काटेबाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. त्यांचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला; माणूस रडत असला की तो आणखी खाली जाई. त्यांनी आधी पाण्याची बाटली पुढे केली, मग सकाळपासून विचारलं.

सकाळी भांडण झालं होतं. दीर म्हणत होता, पट्ट्या काढ, गाडी हलकी कर, वरच्या गटात चल. खालच्या वर्गात पहिला नंबर काढून काय मिरवायचं. तिने ऐकलं नाही. वरच्या गटातल्या गाड्या नव्या होत्या, आणि हिला यंदा एकदा तरी जिंकायचं होतं. तो पाना आपटून निघून गेला, तासाभराने परत आला आणि मग दिवसभर कामापुरतंच बोलला.

“काट्यावरून उतरल्यावर गाडी कुणाकडे होती?”

“भावजींकडेच. मला पंचांनी थांबवून घेतलं होतं. दहा मिनिटं असतील.”

“आणि काट्यावर? सगळं रोजच्यासारखं?”

व्हॅनताईने खांदे उडवले. रोजच्यासारखंच. पट्टा बांधलेला, गिअर मोकळा, काटेवाल्या काकांनी आकडा ओरडून सांगेपर्यंत हलायचं नाही. पाय तेवढा ब्रेकवर थरथरत होता. तीन फेऱ्यांनी दमला असेल. ती थांबली आणि खालच्या मानेने म्हणाली, “मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, बाई. भावजी, तुम्ही काढलंत का? म्हटलं. पंच होते, माझ्याशी हरलेला पैलवान होता, सगळे होते.”

“ते काय म्हणाले?”

“काहीच नाही. हातातली चिंधी गाडीवर ठेवली आणि गेटाकडे चालायला लागले.”

पट्ट्या शर्यतीआधी काढून नंतर परत बसवायला दहा मिनिटं पुरतात. घाईत नट हातानेच फिरवले जातात. सगळं चपखल बसत होतं, आणि काटेबाईंना तेच आवडलं नाही. घरच्याच माणसाविरुद्ध इतकं नीटनेटकं काही सापडलं की त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेत.

“समजा त्यांनी नाही काढलं. मग?”

“मग आजच, दिवस मावळायच्या आत, सासूबाईंच्या देखत माफी मागेन.”

“बघ हं. बोललीस.”

“बोलले.”

काटेबाई उठल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे त्यांनी काणाडोळा केला. बसथांबा गेटाबाहेर शंभर पावलांवर होता, आणि लांबून बस येताना दिसत होती.

३

दीर थांब्याच्या बाकावर बसला नव्हता, खांबाला पाठ लावून उभा होता. नखांत वंगण, डोळे कोरडे. काटेबाई कोण हे त्याला ठाऊक होतं. बसकडे बघतच त्याने सांगून टाकलं, की विचारायचं असेल ते लवकर विचारा.

नट ढिले कसे, एवढंच त्यांनी विचारलं.

तो खोटं बोलला नाही. सकाळी सहालाच त्याने नट सोडवले होते. वहिनी हो म्हणेल अशी खात्रीच होती. ती नको म्हणाली तेव्हा रागारागात हातानेच परत फिरवले, घट्ट करायला पाना नंतर आणू म्हटलं, आणि ते राहून गेलं. पट्ट्या जागच्या हलल्याच नाहीत. सकाळच्या वजनाला होत्या, अंतिम फेरीला होत्या, आताही आहेत.

“हे तिथे का नाही सांगितलंत?”

“तिने विचारलं ना, काढलंत का म्हणून. चार वर्षं जिच्या गाडीचे ब्रेक मी बघतो, ती बाई ताशी दीडशेने माझ्या भरवशावर जाते. तिला मी काय पुरावा देऊ?”

“मला तरी द्या.”

“माझ्याकडे नाही, बाई. आकडे तिच्या बाजूला नाहीत आणि माझ्याही नाहीत.” बस थांबली. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला. “आईकडे जातो. परवाना गेला तर वहिनीला म्हणावं, गाडी विकू नको. वडिलांची आहे.”

बस गेली. काटेबाई धुरळ्यात उभ्या राहिल्या. स्वतःवर आळ असताना दुसऱ्याच्या गाडीची काळजी करणारा माणूस साधा तरी असतो किंवा फार हुशार तरी. घड्याळात पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, आणि त्यांच्या लक्षात आलं की साहेबांचं ऐकायचं सोडून आपण माणसंच तपासत बसलो आहोत.

त्या काट्याकडे निघाल्या.

४

काटा म्हणजे जमिनीवर मांडलेले चार सपाट पाट, एकेका चाकाखाली एकेक. त्यांच्या तारा दहा पावलांवरच्या टेबलाकडे जात. टेबलावर छत्री, छत्रीखाली आकड्यांचं यंत्र आणि यंत्रामागे काटेवाले काका. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा, आणि काट्याबद्दल कुणी वावगं बोललं तर घरच्या लेकीबद्दल बोलल्यासारखे फुरंगटणारे.

काटेबाईंनी काट्याची आधी स्तुती केली. मग काम कसं चालतं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. शिक्का मारायला त्या दरवर्षी आदल्या दिवशीच येत; शर्यतीचा दिवस त्या आज, निवृत्तीनंतर, पहिल्यांदाच बघत होत्या.

काकांनी सांगितलं. पहाटे साडेपाचला पाट मांडायचे. हातब्रेक लावला की गाडी ताणून बसते आणि चाकांची वजनं इकडची तिकडे होतात, म्हणून काट्यावर कुणी हातब्रेक लावत नाही. चालकाने दोन्ही पाय पेडलवरून वर घ्यायचे आणि गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ठोकळे लावायचे. चार ओतीव लोखंडाचे ठोकळे, प्रत्येकाला उचलायला दोरी. आता प्रत्येक गाडीच्या वजनातून ठोकळे वजा कोण करत बसणार? म्हणून काका ते आधीच पाटांवर ठेवून मग यंत्राला शून्य लावत. वीस वर्षांची पद्धत.

“म्हणजे ठोकळे पाटावर असले की शून्य.”

“अगदी. गाडी येताना माणूस दोरीने उचलतो, गाडी चढली की चाकाला लावतो. मी इथूनच विचारतो, लावले का? तो हात वर करतो, मी चिठ्ठी काढतो.”

“इथून चाकं दिसतात?”

काकांनी छत्रीखालून वाकून बघितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, की इथून त्यांना गाडीसुद्धा रंगावरूनच ओळखू येते.

“संध्याकाळी हात कुणी वर केला?”

हा या मैदानाचा जुना रिवाज होता. जिंकलेल्या गाडीचं वजन होताना हरलेल्याचा माणूस साक्षीला उभा राहायचा आणि ठोकळे त्यानेच लावायचे, म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायला जागा नको. हरलेला पैलवान. पावाची गाडी चालवणारा आडदांड, हसरा माणूस. त्याच्यातर्फे उभा होता त्याचा मेहुणा, टायरवाला.

टायरवाला जवळच टायर रचत होता. काटेबाईंनी हाक मारली तसा लगबगीने आला. बोलायला गोड. त्याने सांगितलं की चारही ठोकळे त्यानेच लावले, नीट दाबून लावले, वाटल्यास कुणालाही विचारा. वाईट वाटतं हो ताईंचं. पण आकडा तर यंत्र सांगतं, त्याला ना मामा ना मावशी.

“सकाळपासून इथेच का तुम्ही?”

छे, तो म्हणाला. दुकान उघडून, गिऱ्हाईकं काढून तो बाराला पोचला होता. काट्यातलं त्याला काय कळतंय. लाव म्हटलं, लावलं.

काटेबाईंनी मान हलवली. त्यांची नजर त्याच्या उजव्या बाहीच्या काठावर होती. तिथे बोटभर पिवळा डाग होता. मग त्यांनी शेजारी पडलेल्या ठोकळ्यांकडे पाहिलं. चारही ठोकळे झगझगीत पिवळे.

“काका, रंग नवा दिसतो.”

“आज पहाटेच दिला. सात वाजेपर्यंत खडखडीत वाळला. पहिल्या गाडीला डाग लागला असता तर शिव्या कुणी खाल्ल्या असत्या?”

टायरवाल्याने बाही दुमडली. अगदी सहज, उकडतंय म्हणून दुमडावी तशी.

५

डाग म्हणजे पुरावा नव्हे, हे काटेबाईंना कळत होतं. पिवळा रंग जगात आणखीही ठिकाणी असतो. त्यांनी काकांकडून संध्याकाळची चिठ्ठी घेतली आणि व्हॅनताईकडून सकाळची तिची प्रत. ती हेल्मेटच्या अस्तरात घडी करून ठेवलेली होती. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी ठेवून त्या बघत राहिल्या.

सगळ्या मैदानाने या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. सगळ्यांनी खालची ओळ वाचली होती.

पावणेसहाला त्यांनी अध्यक्षांच्या खोलीत पाच जणांना बोलावलं: अध्यक्ष, काका, पैलवान, टायरवाला आणि व्हॅनताई. खोलीत ढाल ठेवलेली होती, तिच्यावर नाव घालायची जागा कोरी होती.

“ही बेरीज आहे,” काटेबाईंनी चिठ्ठीच्या तळाशी बोट ठेवलं. “वर चार चाकांचे चार आकडे आहेत. ते कुणी बघितले?”

अध्यक्ष म्हणाले, चाक-चाक कोण बघतं, बाई? गट तर बेरजेवर ठरतो.

“कुणीच बघत नाही. म्हणूनच कुणी त्यांची काळजी घेतली नाही.” त्यांनी वाचून दाखवलं. सकाळी पुढची चाकं तीनशे छत्तीस आणि तीनशे बत्तीस, मागची दोनशे एकाहत्तर आणि दोनशे सदुसष्ट. संध्याकाळी पुढची तीनशे बत्तीस आणि तीनशे अठ्ठावीस, मागची दोनशे सहासष्ट आणि दोनशे बासष्ट. “पुढच्या प्रत्येक चाकाचे चार किलो गेले. मागच्या प्रत्येकाचे पाच.”

अध्यक्षांनी दोन्ही चिठ्ठ्या जवळ ओढल्या.

“पट्ट्या डिकीत आहेत, मागच्या चाकांच्याही मागे. त्या काढल्या असत्या तर सगळी तूट मागेच दिसली असती. पुढचं वजन उलट जरासं वाढलं असतं. आडव्या फळीचं एक टोक हलकं झालं की दुसरं बसतं तसं. पट्ट्या कुणी काढल्या नाहीत.”

“मग चालकाने काही उतरवलं असेल,” टायरवाला म्हणाला. “आतला जाड कपडा, काहीतरी.”

“चालक एका बाजूला बसतो. मग त्या बाजूची चाकं जास्त हलकी झाली असती. इथे डावं-उजवं सारखंच उतरलंय. मागचा एकेक जास्तीचा किलो म्हणजे तीन फेऱ्यांत जळलेलं पेट्रोल, टाकी मागे आहे म्हणून. ते सोडून द्या. प्रत्येक चाकाखालून नेमके चार किलो गेलेत. गाडीतून काहीही काढा, चारही चाकांवरून असं सारखं कधी उतरत नाही. म्हणजे जे गेलं ते गाडीतलं नव्हतंच. ते पाटावरचं होतं.” त्या काकांकडे वळल्या. “ठोकळा केवढ्याचा?”

काकांचा चेहरा पडला. “चार किलोंचा,” ते पुटपुटले. “चारही. चार-चार किलोंचे.”

“ठोकळ्यांसकट शून्य लावलेलं. ठोकळे लावले नाहीत की काटा सोळा किलो कमी सांगणार. म्हणून गाडी घरंगळू नये यासाठी हिला पाय ब्रेकवर दाबून ठेवावा लागला; तिला वाटलं पाय दमलाय. गाडी खरी बाराशे चार भरली होती. रेघेच्या वर.”

अध्यक्षांनी टायरवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, की असेल, विसरलो असेन. माणूस आहे, बारा वाजता आलेला, पद्धत ठाऊक नाही.

“विसरला असतात तर मघाशी ‘दाबून लावले’ म्हणाला नसतात,” काटेबाई आवाज न चढवता म्हणाल्या. “आणि बाही उलगडा. तो रंग आज सातच्या आत ओला होता. तुम्ही पहाटे काट्यापाशी होतात. काका, शून्य लावताना शेजारी कोण होतं?”

काकांनी चष्मा काढून पुसला. पाट उचलू लागायला कुणीतरी आलं होतं खरं. अंधुक होतं. ठोकळे आधीच का ठेवता, असं विचारतही होतं. त्यांनी कौतुकाने सगळं समजावून सांगितलं होतं.

टायरवाला खाली बसला. त्याने दुमडलेली बाही उलगडली.

“ठरवून नाही केलं,” शेवटी तो म्हणाला. “दोऱ्या हातात होत्या. गाडी चढली. काकांनी विचारलं, लावले का? आणि माझा हात वर गेला. तेवढंच. खाली वाकलो असतो तर लावलेच असते.”

पैलवान आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, मेहुण्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, आता मारतो.

“हरलो होतो ते मला पचलं होतं रे,” तो म्हणाला. “आता हे कसं पचवू?”

६

अध्यक्षांनी सही केली, पण ती दुसऱ्याच कागदावर. टायरवाल्याला यापुढे मैदानात पाऊल ठेवता येणार नव्हतं. काकांनी आपणहून सांगितलं की पुढच्या वर्षी शून्य रिकाम्या पाटांवर लागेल आणि यंत्रामागे तरुण डोळे बसतील. ते सांगताना त्यांनी यंत्रावरची धूळ दोनदा पुसली. पैलवान व्हॅनताईपाशी जाऊन काहीतरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही, पण ती पहिल्यांदा हसली.

बाहेर माणसं जमली. फोटोवाल्याने तिपाई उभी केली. ढालीवर नाव घालणारा ब्रश बुडवून वाट बघत होता आणि स्पेलिंग एकदा नीट सांगा म्हणत होता.

व्हॅनताई तिथे नव्हती.

ती गाडीपाशी गेली होती. टपावर दिराने ठेवलेली तेलकट चिंधी अजून तशीच पडलेली होती. तिने ती उचलली नाही. सूट उतरवून घडी केला, तोंड धुतलं, केस बांधले. कुंपणावर ऊन अजून हातभर शिल्लक होतं. काटेबाई तिकडेच बघत आहेत हे तिने पाहिलं.

अध्यक्षांनी विचारलं, बाई, हिला थांबवा की, फोटो राहिलाय.

“फोटो उद्याही निघेल,” काटेबाई म्हणाल्या.

शाळेची पिवळी व्हॅन गाड्यांच्या रांगेतून हळूहळू मागे आली. मागच्या सीटवर मुलांनी विसरलेली एक पाण्याची बाटली गडगडत होती. गेटापाशी तिने दिवा दाखवला, रस्त्यावर मागे-पुढे कुणी नव्हतं तरी, आणि सासूबाईंच्या घराच्या दिशेने वळली.